शब्दशंका : वाट, वाटसरू आणि घटना

प्रश्न : शब्दकोशात ‘अडथळा आणणे’ या एकाच अर्थाखाली ब्लॉक, ऑब्स्ट्रक्ट, इम्पीड, हिंडर आणि प्रिव्हेंट अशी अनेक इंग्रजी क्रियापदे दिलेली असतात. मी निबंधात ‘द फॉलन ट्री प्रिव्हेंटेड द रोड’ असे लिहिले, तेव्हा तेथे ‘ब्लॉक्ड’ हवे, अशी दुरुस्ती करण्यात आली. कारण मात्र सांगितले गेले नाही. या शब्दांमधून निवड कशी करावी?

उत्तर : शब्दकोशातला अर्थ चुकीचा नाही, तो अपुरा आहे. या क्रियापदांची सौम्य ते कठोर अशी उतरंड लावून पाहण्याची अनेकांना सवय असते. परंतु माझ्या मते त्याआधी क्रियापदाच्या कर्माकडे पाहावे आणि नेमके काय अडले, वाट, वाटसरू की घटना, हे स्वतःला विचारावे.

‘ब्लॉक’ हा शब्द मुळात नाम आहे आणि त्याचा जुना अर्थ लाकडाचा ओंडका असा आहे. ओंडका वाटेत आडवा पडला की वाट बंद होते. म्हणून या क्रियापदाचे कर्म बहुधा रस्ता, दार, नळी किंवा खिडकीतून दिसणारे दृश्य असते. तुंबलेले मोरीचे तोंड आणि सर्दीने चोंदलेले नाक या दोहोंसाठी इंग्रजीत ‘ब्लॉक्ड’ हेच विशेषण चालते, कारण दोन्हीकडे बंद झालेली असते ती वाटच.

‘प्रिव्हेंट’चे कर्म मात्र घटना असते. ‘घडू न देणे’ असा त्याचा अर्थ लावला, तर तुमच्या वाक्यातील दोष लगेच ध्यानात येईल : अपघात घडू दिला नाही असे म्हणता येईल, पण रस्ता ही घडणारी गोष्टच नव्हे. झाडाने आमचे जाणे घडू दिले नाही, या अर्थी ‘द ट्री प्रिव्हेंटेड अस फ्रॉम गोइंग’ हे वाक्य निर्दोष आहे. हा शब्द ‘आधी येणे’ अशा अर्थाच्या लॅटिन क्रियापदापासून आला असून 1611 सालच्या बायबलच्या इंग्रजी भाषांतरात तो ‘पुढे जाणे, आधी पोहोचणे’ याच अर्थाने वापरलेला आढळतो. संकटाच्या आधी जो पोहोचतो तो संकट टाळू शकतो, असा हा अर्थाचा प्रवास आहे.

‘इम्पीड’ आणि ‘हिंडर’ यांत अडतो तो वाटसरू : त्याची गती मंदावते, ती पूर्ण थांबतेच असे नाही. ‘इम्पीड’मध्ये लॅटिनमधला ‘पाय’ दडलेला आहे. पाय जखडणे हा त्याचा मूळ अर्थ, आणि जखडलेले पाय मोकळे करणे म्हणजे ‘एक्स्पिडाइट’. आपल्याकडे कैद्याच्या पायात अडकवण्याच्या लाकडी चौकटीला खोडा म्हणत आणि त्यावरूनच कामात खोडा घालणे हा वाक्प्रचार रूढ झाला. दोन्ही भाषांना एकच प्रतिमा सुचली, पण एक फरक ध्यानात ठेवावा : खोडा कोणीतरी मुद्दाम घालतो, तर ‘इम्पीड’चा कर्ता चिखल, धुके किंवा जखम असा निर्जीवही असतो.

‘ऑब्स्ट्रक्ट’चे मूळ वाटेत काहीतरी रचून ठेवणे असे आहे. कायद्याच्या आणि खेळाच्या भाषेत त्याला हेतूची छटा येते. क्रिकेटमध्ये क्षेत्ररक्षकांना जाणूनबुजून अडथळा आणणारा फलंदाज बाद ठरतो. 1951 साली ओव्हल मैदानावर लेन हटन कसोटी क्रिकेटमध्ये अशा रीतीने बाद होणारा पहिला फलंदाज ठरला, कारण उडालेला चेंडू त्याने पुन्हा बॅटने मारल्यामुळे यष्टिरक्षकाला झेल घेता आला नव्हता.

एवढे सगळे वाचून बोलताना ‘आय वॉज इम्पीडेड’ म्हणू नये, ऐकणारा चमकून पाहील. उशीर झाला तर लोक सरळ ‘आय गॉट हेल्ड अप’ म्हणतात (आपण ‘खोळंबलो’ म्हणतो तसे), आणि कोणी वाटेत उभे असेल तर तो ‘इन द वे’ असतो.

प्रश्न : ‘द रेन स्टॉप्ड मी टू गो’ हे वाक्य का चुकते?

उत्तर : येथे मराठीचाच आधार घ्यावा. पावसाने मला जाण्यापासून रोखले, असे आपण म्हणतो. त्यातल्या ‘पासून’च्या जागी इंग्रजीत ‘फ्रॉम’ येतो : ‘स्टॉप्ड मी फ्रॉम गोइंग’. ‘स्टॉप’नंतर ‘टू’ आला की अर्थ ‘साठी’चा होतो. ‘ही स्टॉप्ड टू स्मोक’ म्हणजे तो विडी ओढण्यासाठी थांबला आणि ‘ही स्टॉप्ड स्मोकिंग’ म्हणजे त्याने विडी ओढणे सोडले. थांबणे आणि थांबवणे असा भेद मराठी क्रियापदाच्या रूपातच दाखवते; इंग्रजी ‘स्टॉप’ दोन्ही कामे करतो, त्यामुळे सगळा भार पुढच्या शब्दांवर पडतो.

ब्रिटिश इंग्रजीत ‘स्टॉप’ व ‘प्रिव्हेंट’नंतरचा ‘फ्रॉम’ गाळलेला आढळेल, आणि ती चूक नव्हे. मात्र ही सवलत ‘कीप’ला देऊ नये. ‘इट केप्ट मी फ्रॉम गोइंग’ म्हणजे त्याने मला जाऊ दिले नाही. ‘फ्रॉम’ गाळून ‘इट केप्ट मी गोइंग’ म्हटले, तर त्याच गोष्टीने मला चालते ठेवले असा नेमका उलटा अर्थ होतो.

प्रश्न : ‘कार्डिॲक अरेस्ट’मध्ये अटक कोणाला होते?

उत्तर : कोणालाही नाही. ‘अरेस्ट’चा जुना अर्थ केवळ थांबवणे असा आहे, पोलिसांची अटक ही त्याची नंतरची, पण आता अधिक परिचित झालेली छटा. आपल्या ‘अटक’ आणि ‘अटकाव’ यांचेही नाते असेच आहे. याच कुळातला ‘चेक’ तर आपल्या ओळखीचाच निघतो : बुद्धिबळातल्या राजावरून, म्हणजे फारसी ‘शाह’वरून, तो फ्रेंचमार्गे इंग्रजीत गेला आणि तोच ‘शाह’ आपल्याकडे ‘शह’ होऊन आला. त्यामुळे ‘टू चेक द एनिमीज ॲडव्हान्स’चे भाषांतर करताना ‘तपासणे’ हा शब्द मनात आला, तर तो बाजूला सारून ‘शह देणे’ लिहावे.