कॉलनीत पर्यावरण केंद्र सुरू करायचं आहे, महापालिकेची रिकामी खोली मिळते आहे. सुरुवात कशी करावी?

खोली मिळते आहे म्हणून लगेच घेऊ नका.

तुम्ही लिहिलंय की बारा जणांचा गट आहे, साडेतीनशे घरं आहेत, नगरसेवक समाजमंदिरामागची खोली द्यायला तयार आहेत, आणि तिथे खत, दुरुस्ती, जुन्या वस्तूंची देवाणघेवाण, देशी बियाणं, सोलरची माहिती असं सगळं करायचं आहे. २०१९ मध्ये आम्ही असंच केंद्र सुरू केलं, तेव्हा आमचीही यादी जवळजवळ हीच होती. आज आमच्याकडे चार गोष्टी चालू आहेत आणि त्यातली एक त्या यादीत नव्हतीच.

आम्ही आधी खोली घेतली, रंग दिला, फीत कापली. मी तेव्हा बँकेतून नुकतीच निवृत्त झाले होते, त्यामुळे किल्ली आपोआप माझ्याकडे आली. भाचीच्या लग्नाला दहा दिवस गेले, तर खोली दहा दिवस बंद. लोक दारापर्यंत येऊन गाठोडी ठेवून जायचे. उसवलेले कपडे, तुटकी खेळणी, एक पाय नसलेला स्टूल. दान केल्याचं समाधान त्यांना आणि उचलायचं काम आम्हाला. मे २०२३ मध्ये केंद्र सरकारच्या मोहिमेत शहराशहरांत अशी जुन्या वस्तू घेणारी ‘आरआरआर’ (रिड्यूस, रीयूज, रिसायकल) केंद्रं उघडली. आमच्या जवळच्या केंद्रात गेले, तर कोपऱ्यात तोच कपड्यांचा ढीग. आता आमच्याकडे वस्तू फक्त महिन्यातून एकदा, दोन तासांसाठी घेतो. धुतलेली, चालू अवस्थेतली. दुपारी एकला जे उरेल ते ज्याचं त्याने घरी न्यायचं. पहिल्या दोन वेळा रुसवेफुगवे झाले, मग सवय झाली.

खताचीही तीच तऱ्हा. एका देणगीदाराने चोवीस तासांत खत करणारं यंत्र दिलं. ते यंत्र ओला कचरा तापवून, वाळवून त्याचा भुगा करायचं, एवढंच. कुंडीत घालून पाणी घातलं की भुगा पुन्हा सडायला लागायचा, आणि विजेचं बिल वेगळं. शेवटी विटांचे जाळीदार दोन हौद बांधले. एक घमेलं ओल्या कचऱ्याला दोन घमेली वाळलेला पाला, मधूनमधून आंबट ताक, आठवड्यातून एकदा वरखाली. खरी अडचण पाल्याची असते. पानगळ फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि गरज जुलैत, जेव्हा हौद चिकचिकीत होऊन वास मारतो. म्हणून झाडणारे पाला पेटवून देण्याआधी तो पोत्यांत भरून कोरड्या जागी रचून ठेवा. तीस-चाळीस पोती तरी लागतात.

दुरुस्तीने मात्र आम्हाला तारलं. ही कल्पना २००९ मध्ये अ‍ॅमस्टरडॅममध्ये ‘रिपेअर कॅफे’ नावाने सुरू झाली, आपल्याकडे बंगळुरूतही चालते. आमची पद्धत साधी आहे. दुसऱ्या रविवारी सकाळी पार्किंगमध्ये दोन टेबलं, एक निवृत्त इलेक्ट्रिशियन काका, आणि बाजारातले एक दुरुस्तीवाले ज्यांना आम्ही त्या दिवसाचं मानधन देतो. फुकटात काम करून घेऊन त्यांचंच गिऱ्हाईक तोडायचं नाही. वस्तू आणणाऱ्याने शेजारी बसायचं, ठेवून जायचं नाही. पंखा मंद फिरतो तो बहुतेकदा कपॅसिटरमुळे, मिक्सर नुसताच गरगरतो तो भांड्याला मोटरशी जोडणारा कपलर झिजल्यामुळे, हे बघूनच कळतं. इस्त्री, गीझर असलं काही टेस्टर लावून तपासल्याशिवाय परत देत नाही. मे महिन्यात फक्त छत्र्या आणि बॅगांच्या चेना. त्या रविवारी सगळ्यात जास्त गर्दी असते.

एक चूक आमच्या हातून होता होता राहिली. खर्चाला हातभार म्हणून रद्दी आणि बाटल्या आपणच गोळा करून विकायच्या, असं ठरत होतं. कचरा न्यायला येणाऱ्या ताई म्हणाल्या, “मग आम्ही काय न्यायचं?” ओल्या कचऱ्याला भाव नसतो, त्यांची वरकमाई सुक्यावरच असते. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना १९९३ पासून हेच सांगत आली आहे, आणि तिच्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था उभी राहिली. तुमच्या बारा जणांच्या पुढच्या बैठकीला तुमच्याकडच्या ताईंना बोलवा, चहापुरतं नव्हे.

पैशाचं म्हणाल तर पहिल्या वर्षी फार लागत नाहीत. संस्था नोंदवायला १८६० च्या कायद्याखाली सात जण पुरतात, पण आपल्या राज्यात त्यासोबत १९५० च्या विश्वस्त कायद्याखालची नोंदणी आणि दरवर्षीचे हिशेबही येतात. ते करायला माणूस मिळेपर्यंत दोन सह्यांचं संयुक्त बचत खातं पुरे. सोलरसाठी केंद्र लागतच नाही. एक माहितगार माणूस, एक संध्याकाळ.

आणि खोली घ्यायचीच झाली तर पत्र घ्या. किती वर्षांसाठी, वीजबिल कोणाचं, किल्ली कोणाकडे. आम्ही तोंडी शब्दावर राहिलो. २०२२ मध्ये राज्यातल्या बऱ्याच महापालिकांची मुदत संपून नगरसेवक गेले आणि प्रशासक आले, तेव्हा आमच्याकडे दाखवायला एक चिटोराही नव्हता. खोली गेली. पार्किंगमध्ये आलो आणि काम वाढलं, हे खरं आहे.

राहिली ती यादीत नसलेली गोष्ट, भांडी. सत्यनारायण, डोहाळजेवण, वाढदिवस, गणपतीतला महाप्रसाद, सगळीकडे थर्माकोल नाहीतर प्लास्टिकच्या ताटल्या असायच्या. आम्ही घराघरांतल्या माळ्यांवरून स्टीलची भांडी मागितली. प्रत्येक घरात मुंजीत, बारशाला मिळालेली, कधीच न वापरलेली भांडी निघतात. त्यांच्यावर नावंही घातलेली असतात, त्यामुळे हरवली तर कुणाच्या घरात आहेत ते कळतं. पाचशे रुपये अनामत, भांडी घासूनच परत. घासणाऱ्या बाईंचे पैसे यजमानाने वेगळे द्यायचे, हे आधीच सांगा, नाहीतर तो भार त्यांच्याच माथी बसतो. आमच्याकडे आज दीडशे ताटं, तीनशे वाट्या, दोनशे फुलपात्री आहेत. चमचे तेवढे लागतील त्याच्या दुप्पट जमवा. परत येत नाहीत.