‘सिट्रस’ येत नसेल तर मोसंबीची साल लिहा

लातूरच्या भावानं विचारलंय: सहा महिने झाले, पुण्याला गेलो की क्राफ्ट बिअर (छोट्या कारखान्यांची, वेगळ्या चवीची) पितो, इथं बिअर शॉपीत मिळतील ते कॅन आणतो, प्रत्येकीवर रिव्ह्यू ॲपवर चार ओळीही लिहितो. पण ‘स्मूथ आहे, रिफ्रेशिंग आहे’ याच्या पुढं गाडी जात नाही आणि मार्क पाचपैकी साडेतीन नाहीतर चार. बाकीचे लोक पाइन, ग्रेपफ्रूट, टॉफी, बिस्किट असं काय काय लिहितात, ते मलाच काहून येत नाही? जीभच कमी आहे का?

जीभ ठणठणीत आहे, भाऊ. लग्नाच्या पंगतीत वरणाचा पहिला घास घेतल्याबरोबर ‘फोडणीत लसूण करपला’ म्हणणारी माणसं आपल्याकडं घराघरात आहेत. तेच नाक बिअरच्या ग्लासाजवळ गेलं की इंग्रजीत विचार करायला लागतं आणि मुकं होतं. पाइनचं झाड तुम्ही किती वेळा हुंगलंय? मी तर पन्नाशीपर्यंत हुंगलं नव्हतं.

मी बोलतोय ते थोडं अनुभवावरून. वाळूजच्या एका बिअर कारखान्यात चौदा वर्षं क्वालिटी लॅबमध्ये होतो. रोज सकाळी अकराला, जेवणाआधी, पाच-सहा जण बसायचो, समोर नंबर टाकलेले छोटे ग्लास. ‘फुकट बिअर प्यायची नोकरी’ म्हणून सासरवाडीत माझी लई थट्टा व्हायची. पण आमचं काम मजा घेण्याचं नव्हतंच, खोट काढण्याचं होतं. कालच्या आणि आजच्या टाकीत फरक लागला की काहीतरी बिघडलंय, एवढंच आम्हाला ठाऊक. संभाजीनगरात बिअर भरपूर बनते, पण बहुतेक एकाच घराण्याची, म्हणजे लागर (थंडाव्यात आंबवलेली नेहमीची सोनेरी बिअर) आणि त्यातही स्ट्राँग.

त्या सवयीनं माझी एकदा चांगलीच फजिती झाली. २००९ मध्ये पुण्यात डूलली सुरू झाली आणि मायक्रोब्रुअरीचं, म्हणजे जागीच बिअर बनवून विकणाऱ्या छोट्या ठिकाणांचं वारं आलं, त्यानंतर काही वर्षांनी मी तिकडं एका ठिकाणी गव्हाची बिअर मागवली. गढूळ आली. हुंगली तर पिकलेलं केळं आणि लवंग. घरी येऊन ऐटीत लिहिलं: गाळलेली नाही, ईस्ट बिघडलंय, जंगली ईस्टची लागण दिसते, पाचपैकी एक. दुसऱ्याच दिवशी एकानं शांतपणे समजावलं की ही जर्मन धर्तीची हेफेवाइत्सन आहे. ती गढूळच असते, आणि केळं-लवंग नसती तर मार्क कापायला हवे होते. केळ्याचा वास आयसोअमाइल ॲसिटेट नावाच्या एस्टरचा, लवंगेचा वास एका फेनॉलचा, आणि दोन्ही त्या जातीचं ईस्टच मुद्दाम तयार करतं. आमच्या लागरमध्ये हाच लवंगेचा वास आला असता तर अख्खी टाकी अडवली असती. लाजेनं तो रिव्ह्यू काढून टाकला. आता वाटतं, ठेवायला हवा होता.

म्हणून पहिली गोष्ट: ग्लास तोंडाला लावण्याआधी बनवणाऱ्यानं काय बनवायला घेतलं होतं ते वाचा. पाटीवर किंवा कॅनवर लिहिलेलं असतं. विटबिअर असेल तर त्यात धने आणि संत्र्याची साल घातलेली असते, बेल्जियन रीतच ती. गोझ असेल तर मीठ आणि धने, वर आंबटपणा, म्हणजे आपल्या मसाला ताकाची लांबची बहीण. तिला ‘खारट लागते’ म्हणून मार्क कापणं म्हणजे पिठल्यात बेसन सापडलं अशी तक्रार करणं.

आता शब्दांचं. लवंग, धने, केळं हे तर घरातलेच. बाकीचेही आहेत, शोधावे लागतात. हॉप्स म्हणजे बिअरला कडूपणा आणि सुगंध देणारी फुलं. अमेरिकन हॉप्सचं ‘ग्रेपफ्रूट’ आपल्याकडं कुणी खात नाही, पण पपनस माहीत आहे. ग्रेपफ्रूट हा पपनस आणि संत्र्याचाच संकर. ‘सिट्रस’ तर फार ढोबळ शब्द आहे. लिंबाचा रस, लिंबाचं पान, जालन्याच्या मोसंबीची साल नखानं खरवडल्यावर उडणारा तुषार, हे तीन वेगळे वास आहेत आणि तुम्हाला तिन्ही ओळखता येतात. मग तेच लिहा. सिट्रा नावाच्या हॉप्सला आंबा येतो म्हणतात, येतोच. पण पिकलेला केसर की पाडाला लागलेली गावरान कैरी, हे सांगणारा माणूस मराठवाड्यातलाच लागतो. ‘पाइन’ म्हणजे राळ. देवघरात ऊद टाकल्यावर धूर व्हायच्या आधी येतो तो, किंवा पेंटरच्या टर्पेंटाईनच्या डब्याचा.

माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं, कमी-जास्त भाजलेलं जव. नाचणीचं सत्त्व घरी केलेलं असेल तर अर्धी क्रिया तुम्ही पाहिलेली आहे. हलकं भाजलं की पावाचा, खारीचा वास. आणखी भाजलं की काकवी, चिक्की. पार काळं केलं की कॉफी आणि फुटाण्याची करपलेली साल. स्टाउट ही काळी बिअर प्याल तेव्हा भाकरीचा तव्यावर काळा पडलेला पापुद्रा आठवा, तो कडवट-गोड धुरकटपणा तोच.

कडूपणावर जरा थांबतो, कारण बहुतेक जण ‘कडू आहे’ एवढ्यावर सोडून देतात. मेथीच्या भाजीचा कडूपणा घासाबरोबर येतो आणि जातो. कारल्याचा गिळल्यावर चढतो. पाडव्याला कडुलिंबाचा फुलोरा खातो त्याचा घशाशी चिकटून बसतो, पाणी प्यालं तरी. आयपीएत (भरपूर हॉप्सची कडवट बिअर) यातला कुठला आहे ते लिहा. चांगल्या आयपीएचा कडूपणा मेथी-कारल्याच्या मधला आणि पुढचा घोट मागणारा. कडुलिंबासारखा खरवडत राहिला तर मी मार्क कापतो. डब्यावरचा आयबीयूचा, म्हणजे कडूपणाच्या मापाचा, आकडा पाहून लिहू नका. माल्टची गोडी भरपूर असेल तर ६० आयबीयूची बिअर ३५वाल्या कोरड्या बिअरपेक्षा सौम्य लागू शकते.

सरावाला बिअर लागतच नाही. तुम्ही डोळे मिटा आणि घरात कुणाला तरी नाकासमोर डबे धरायला सांगा: धने, लवंग, गूळ, फुटाणे, मोसंबीची साल, पुठ्ठ्याचा ओला तुकडा. पंधरा दिवसांत वास आणि नाव यांची गाठ पडते. माझी बायको डब्यांत मधूनच हिंग धरून मला फसवायची.

आता पुठ्ठा का, ते. हा भाग आपल्याकडं सगळ्यात महत्त्वाचा आहे, कारण क्राफ्ट बिअर नाजूक असते आणि आपला मे महिना ४२ अंशांचा. ट्रकमध्ये, गोदामात, लाइट गेल्यावर बंद पडलेल्या फ्रीजमध्ये ती शिजते. ऑक्सिजन आणि उष्णता मिळून ओल्या पुठ्ठ्याचा, जुन्या वह्यांचा वास आणतात आणि हॉप्सचा सुगंध मरून जातो. मी एकदा एका शॉपीतून आयपीएचे दोन कॅन आणले, उघडले तर गोडसर चहा. उलटून तारीख पाहिली तर पाच महिन्यांपूर्वीची. चूक बनवणाऱ्याची नव्हती, पण रिव्ह्यू त्याच्याच नावावर लागला असता. तेव्हापासून पॅकिंगची तारीख आणि कुठं कशी ठेवलेली होती हे पहिल्या ओळीत लिहितो. फ्रीजमधलीच घ्या, शेल्फवरची नको. कॅन मिळत असेल तर बाटली नको. हिरवी बाटली उन्हात ठेवलेली असेल तर दुकानाच्या पायरीवरूनच परत फिरा.

त्या हिरव्या बाटलीचं गंमतीशीर आहे. उजेडानं हॉप्समधला घटक फुटून गंधकाचं एक संयुग बनतं, त्या वासाला परदेशी लोक ‘स्कंक’ म्हणतात. आपल्याकडचेही म्हणतात, तो प्राणी जन्मात न पाहता! मला तो जळक्या रबरात हिंग मिसळल्यासारखा वाटतो. पारखायचा असेल तर एकाच बिअरचे दोन ग्लास भरा, एक सावलीत, एक उन्हात पंधरा मिनिटं. मग हुंगा. (काही मोठे कारखाने उजेडाला दाद न देणारा हॉप्सचा अर्क वापरतात, त्यांच्यात हा प्रयोग फसतो.)

बाकीच्या खोडी थोडक्यात. पॉपकॉर्नवरच्या बटरचा वास आणि जिभेवर तुपकट थर म्हणजे डायॲसिटिल, ईस्टला काम पुरं करू दिलेलं नाही. नुकत्याच चिरलेल्या लाल भोपळ्याचा किंवा कच्च्या सफरचंदाचा वास म्हणजे ॲसिटाल्डिहाइड, बिअर अजून कोवळी आहे. उकडलेल्या मक्याच्या कणसाचा म्हणजे डीएमएस हे गंधकाचं संयुग, बहुतेकदा उकळण्यात कसूर.

पिण्याची रीत: साधा काचेचा ग्लास, साबणाचा वास नसलेला. भरल्यावर आतल्या बाजूला बुडबुडे चिकटून राहिले तर ग्लास तेलकट आहे, फेसाला दोष देऊ नका. बर्फगार पिऊ नका. थंडीत वास झोपतो. लागर ५-७ अंशांना ठीक, एल (जरा उबेत आंबवलेली) ८-१२ला, स्टाउट त्याहून थोडी वर. पुस्तकं सांगतात की स्टाउट फ्रीजबाहेर पंधरा मिनिटं ठेवा. लातुरात मे महिन्यात पाच पुरतात. ओतल्याबरोबर आधी हुंगा, कारण पहिले वास मिनिटभरात उडतात. मग छोटा घोट, गिळा आणि नाकानं श्वास सोडा. अर्धी चव त्या श्वासात असते. वाइनवाले थुंकतात, आपल्याला गिळावं लागतं, कडूपणा शेवटीच कळतो. म्हणून प्रमाण कमी ठेवा: एका बैठकीत चार प्रकार, प्रत्येकी शंभर मिली, हलकीपासून जडीकडं. पाचव्या प्रकारानंतर लिहिलेल्या माझ्या नोंदी मलाच वाचता येत नाहीत. मधे पाणी आणि ज्वारीच्या भाकरीचा कोरडा तुकडा. ठेचा, शेंगदाण्याची चटणी, मसाला पापड नंतर. तंबाखू-गुटखा असेल तर त्या दिवशी रिव्ह्यूच नको. आणि पुण्याहून परतताना एसटी. कायद्यानं ठरवलेलं वय पूर्ण आणि परमिट हे तर आहेच.

स्वतःची परीक्षा घ्यायची असेल तर तीन ग्लासांची घ्या. दोघांत एकच बिअर, तिसऱ्यात दुसरी, भरणारा वेगळा माणूस. वेगळा ग्लास ओळखायचा. नुसत्या नशिबानंही तीनात एकदा बरोबर येतं, म्हणून सहा-सात वेळा करा. चौदा वर्षं लॅबमध्ये काढून मी घरी दोन नावाजलेल्या स्ट्राँग बिअरमध्ये सातपैकी तीनदाच बरोबर आलो. त्यानंतर ‘अमुक ब्रँड तमुकपेक्षा कितीतरी सरस’ असं लिहिताना हात थरथरतो.

पाण्याबद्दलही विचारलं होतं, जायकवाडीच्या पाण्याची चव बिअरला येते का म्हणून. नाही येत. कारखाने पाणी शुद्ध करून हवे ते क्षार परत घालतात. मात्र एक लिटर बिअरला तीन-चार लिटर पाणी लागतंच, आणि २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून तुमच्या लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं तेव्हा इकडं हायकोर्टाच्या खंडपीठानं कारखान्यांचं पाणी कापलं होतं. त्या दिवसांत ग्लास हातात घेताना मला बरं वाटत नव्हतं, एवढंच सांगतो.

मार्कांचं शेवटी. बीजेसीपी या बिअर परीक्षकांच्या संस्थेची पद्धत ५० गुणांची आहे: वास १२, रूप ३, चव २०, तोंडातला भरीवपणा ५, एकूण छाप १०. रूपाला फक्त तीन, हे लक्षात ठेवा; फोटो काढण्यात पहिला घोट वाया जातो. मी तीच वापरतो. गेल्या महिन्यातली माझ्या वहीतली एक नोंद जशीच्या तशी देतो:

“गव्हाची, हेफेवाइत्सन म्हणून विकलेली. पुण्यात नळावरची, संध्याकाळी सहा, जेवणाआधी. वास: आधी लवंग, मग केळं, पण साल काळी पडलेलं, मागं ताजा पाव. ९. गढूळ, लिंबू सरबताचा रंग, फेस दोन मिनिटांत बसला. २. चव: केळं घोटात टिकतं, लवंग नाही. शेवटी उकडलेल्या कणसाची झाक, दुसऱ्या घोटाला नक्की. १३. अंग हलकं, गव्हाला हवा तो मऊपणा कमी. ३. दुसरा ग्लास मागवला नाही. ६.”

बेरीज ३३. ॲपवर हीच बिअर साडेतीनवर आहे, आणि तिथं सगळ्यात वरची प्रतिक्रिया आहे ‘स्मूथ’.