थर म्हणजे थर नव्हे

प्रश्न आला आहे : ‘थरच्या वाळवंटात वाळूचे थरावर थर साचलेत, म्हणून त्याला थर म्हणतात ना? आणि सँड ड्यूनला मराठीत नेमका शब्द कोणता?’

नाही हो, म्हणून नाही म्हणत. ही व्युत्पत्ती मी शिकवणीच्या वर्गात ऐकली, जैसलमेरच्या सहलीत वाटाड्याकडून ऐकली आणि दर वेळी तेवढाच चिडलो. आपला थर आला संस्कृत ‘स्तर’वरून. सायीचा थर, धुळीचा थर, दहीहंडीचे थर, सगळे तेच. वाळवंटाचं नाव मात्र सिंधी आहे, ‘थरु’, आणि ते आलं ‘स्थल’वरून. उच्चार जुळला म्हणून नातं जुळत नाही.

स्थलचा थरु कसा झाला, हे फार सुंदर आहे. संस्कृतात दोन स्वरांमध्ये एकटा आलेला ल मराठीत येताना ळ होतो आणि सिंधीत र. आपलं फळ, त्यांचं फरु. आपला काळा, त्यांचा कारो. आपली वाळू, त्यांची वारी (कृपा करून हिला पंढरीच्या वारीशी जोडू नका). याच वाटेने आपलं स्थळ तिथे थरु होतं. म्हणजे मुलीला सांगून आलेलं ‘स्थळ’ आणि थरचं वाळवंट एकाच घरचे! हे पहिल्यांदा कळलं त्या दिवशी दुसरं काही सुचेना.

ब्रिटानिकासारखा मातबर ज्ञानकोश हे नाव ‘थुल’ म्हणजे वाळूच्या उंचवट्यावरून आल्याचं सांगतो. मला ते साफ अमान्य आहे. ‘थु’मधला उकार गेला कुठे? तो ‘अ’ का व्हावा, याचं काही कारण द्याल की नाही? शेजारी पंजाबात सिंधू आणि झेलमच्या मधल्या वाळूच्या पट्ट्याला ‘थल’च म्हणतात, मारवाडात ‘थळी’ आहे, आणि ‘मरुस्थल’ तर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. एवढे भाऊबंद दारात उभे असताना थुलला कशाला शोधायला जायचं?

आता माझं मत, आणि ते मी सोडणार नाही. स्थल हा जलाचा विरुद्ध शब्द. ‘जळी स्थळी काष्ठी पाषाणी’ म्हणताना आपण तोच जोड वापरतो. सिंधच्या पूर्वेला नदीच्या गाळाचं सपाट मैदान संपतं आणि वाळूचे उंचवटे सुरू होतात. पुराचं पाणी जिथे चढत नाही ती कोरडी, उंच जमीन म्हणजे थर. नाव वाळूवरून पडलेलंच नाही, पाणी कुठे संपतं त्यावरून पडलं आहे. आणि या भूमीचा इतिहासही पाण्याचाच आहे. जैसलमेरजवळ आकल इथे सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीच्या झाडांचे दगड झालेले बुंधे पडले आहेत. तिथे तेव्हा जंगल होतं.

वाळूत थर असतात, हे मात्र खरं. राजस्थानात डीडवाण्याजवळ पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वि. ना. मिश्र आणि शरद राजगुरू यांनी वाळूची एक टेकडी सुमारे १८ मीटर खोल खणून पाहिली. वाळूत मधेमधे चुनखडीच्या पांढरट खड्यांचे पट्टे, आणि त्यांत अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारं. कोरड्या काळात वारा वाळू आणून टाकी. मग पाऊस वाढे, टेकडीवर गवत धरे, झिरपणारं पाणी चुना खाली नेई आणि त्याचे खडे बनत. पुन्हा कोरड, पुन्हा वाळू. हे चक्र लाखाहून जास्त वर्षं चाललं.

वाळूचा दाणा कधी गाडला गेला हेही मोजता येतं. दाण्यात साठलेली ऊर्जा उन्हात निघून जाते. अंधारात गाडला गेला की आसपासच्या किरणोत्सारामुळे ती पुन्हा साठू लागते. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत अशोक सिंघवी यांनी हे काम केलं. त्यातून दिसलं की थरमधल्या टेकड्या हिमयुगाच्या ऐन भरात, सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, फारशा वाढल्याच नाहीत. वाढल्या त्या नंतर. कारण इथली वाळू हलवतो तो उन्हाळ्यातला नैर्ऋत्येचा वारा, आणि तो मोसमी पावसाचाच जोडीदार. पाऊस मंदावला तेव्हा वाराही मंदावला. तो पुन्हा जोर धरू लागला, पण जमीन झाकण्याइतकं गवत अजून उगवलं नव्हतं, तेव्हा वाळू सुटली. वाळवंट म्हणजे फक्त पावसाचा अभाव, असं समजणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं.

हां, ड्यून. ‘वाळूची टेकडी’ म्हणा, काही बिघडत नाही. ‘वालुकागिरी’ वगैरे घडवू नका, मारवाडीत ‘धोरा’ आणि ‘टीबा’ आहेत, सिंधीत ‘भिट’ आहे (सिंधी सूफी कवी शाह लतीफांचं गाव भिटशाह, त्यातलं ‘भिट’ ते हेच). मी स्वतः धोरा वापरतो. आणि थरचं चित्र काढताना दर वेळी चंद्रकोरीच्या आकाराचा धोरा, म्हणजे बारखाण, काढू नका. थरमध्ये जास्त करून आढळतो तो घोड्याच्या नालेच्या आकाराचा धोरा. त्याचे दोन्ही हात झुडपांनी धरून ठेवलेले, म्हणून ते वाऱ्याच्या बाजूला मागे राहतात आणि मधली वाळू पुढे सरकते. बारखाणाचं नेमकं उलट : त्याची टोकं वाऱ्याबरोबर पुढे धावतात.