यू, शिगी आणि चॉय चॉय

प्रश्न असा होता की किनाऱ्यावरच्या चिखलात फिरणाऱ्या पक्ष्यांना, म्हणजे आपले तुतवार, चिखल्या, टिटवी वगैरेंना, चिनी, जपानी आणि व्हिएतनामीत काय म्हणतात, आणि जपान्यांनी लिपी चीनकडून घेतलीय तर नावंही तीच असतील ना?

नाही, तीच नाहीत. चिनीत तुतवार मंडळींना यू म्हणतात आणि चिखल्यांना हंग. जपानीत त्याच गटांना शिगी आणि चिदोरी, हे त्यांचे घरचे शब्द, आणि शिगीसाठी तर त्यांनी शेत आणि पक्षी ही दोन चिन्हं जोडून नवीन अक्षरच बनवलं. व्हिएतनामीत पुन्हा तिसरंच, तिथे तुतवारांना रे, च्वात आणि चिखल्यांना चॉय चॉय. टिटवीला ते ते म्हणतात, हे तर आपल्यासारखंच आवाजावरून पडलेलं वाटतं.

खरा घोळ कर्ल्यूपाशी होतो, तो लांब वाकड्या चोचीचा. जपानीत दायशाकु शिगी, म्हणजे 'मोठी पळी', हा युरेशियन कर्ल्यू. चिनीत नेमकी तीच अक्षरं दा शाओ यू अशी वाचतात पण तिकडे तो 'फार ईस्टर्न', म्हणजे अतिपूर्वेकडचा कर्ल्यू असतो, ज्याला जपानी लोक होरोकु शिगी म्हणतात, होरोकु म्हणजे भाजायचं मातीचं खापर. युरेशियनला चिनी लोक पांढऱ्या कमरेचा म्हणतात, आणि ते नाव मला फार आवडतं कारण उडताना ती पांढरी कंबर दिसली की हे दोघं लगेच वेगळे ओळखता येतात. तेव्हा नुसती अक्षरं बघून पक्ष्यांची यादी भाषांतरित करू नका, शास्त्रीय नाव जुळवूनच घ्या.

चमच्या चोचीचा तुतवार, जो आता जगातून नाहीसा व्हायच्या बेतात आहे, त्याला मात्र तिघांनीही स्वयंपाकघरातलंच नाव दिलंय, चिनी पळी, व्हिएतनामी चमचा, जपानी कालथा. टर्नस्टोन या किनाऱ्यावरच्याच पक्ष्याला चिनीत दगड उलथवणारा म्हणतात, जपानीत तो क्योजो शिगी, क्योतोची बाई, त्याच्या रंगीत पिसांमुळे. शेकाट्याला, म्हणजे त्या लांब पायांच्या पाणपक्ष्याला, व्हिएतनामीत का खेव म्हणतात आणि हाच शब्द पायाला बांधून चालायच्या उंच काठ्यांनाही आहे, व्हिएतनाममधल्या नाम दिन्हच्या किनाऱ्यावर कोळी अशा काठ्यांवर उभं राहून समुद्रात जवळा पकडायचे.

म्हणींत पण हे पक्षी आहेत. यू शिंपल्याचं मांस टोचायला जातो, शिंपला त्याची चोच घट्ट धरतो, कोणीच सोडत नाही आणि कोळी येऊन दोघांनाही उचलतो, ही चीनमधली फार जुनी गोष्ट, आपली 'दोघांचे भांडण तिसऱ्याचा लाभ'. जपानीत नेहमीच्या बोलण्यात त्यातला फक्त कोळ्याचा फायदा उरला, पक्षी गळाला. व्हिएतनामीत बोलताना यूच्या जागी सरळ बगळा येतो, भातशेतात रोज दिसणारा तोच ना.

आणि चिखल्याची ती चाल, चार पावलं पळायचं, थांबायचं, मग भलत्याच दिशेला पळायचं. जपानीत दारू पिऊन झोकांड्या खात चालण्याला चिदोरी-आशी म्हणतात, चिदोरीचे पाय. व्हिएतनामीत एका जागी न बसणाऱ्या पोराला म्हणतात की हा चॉय चॉयसारखा उड्या मारतोय.