सशाच्या शिंगाच्या घरी झालेला वाद

प्रश्न : जपानी तत्त्वज्ञानाविषयी वाचताना शिंतो, ताओ, कन्फ्यूशियस आणि बौद्ध या चार परंपरांची नावे एका दमात घेतली जातात. त्यांच्या दृष्टी इतक्या वेगळ्या असताना त्या एकाच समाजात कशा नांदल्या? ‘समन्वय’ हे उत्तर पुरेसे आहे काय?

उत्तर : पुरेसे नाही. या परंपरांची तुलना जपानमध्येच फार लवकर झाली आणि ती वादाच्या रूपात झाली. पुढे शिंगोन या बौद्ध पंथाचा संस्थापक ठरलेल्या कूकाईने इ. स. ७९७मध्ये, विशीत असताना, ‘सांगो शिइकी’ हा ग्रंथ लिहिला. त्यात तोकाकू नावाच्या गृहस्थाच्या वाया गेलेल्या भाच्याला वळणावर आणण्यासाठी त्याच्या घरी तिघे एकामागून एक बोलतात. कन्फ्यूशियसमार्गी विद्या, राजसेवा आणि मातृपितृभक्ती सांगतो. ताओमार्गी त्या सगळ्या धडपडीला हसून दीर्घायुष्याची साधना सांगतो. शेवटी एक फाटका बौद्ध भिक्षू येतो आणि अनित्यतेपुढे तुमचे अमर सिद्धपुरुषही टिकत नाहीत, असे ऐकवतो. ‘तोकाकू’ म्हणजे सशाचे शिंग आणि कन्फ्यूशियसमार्गी गुरूचे नाव ‘कासवाचे केस’! मुळात नसलेल्या वस्तूसाठी दिला जाणारा शशशृंगाचा दृष्टान्त मराठी वाचकाला नवा नाही. भारतीय तर्कातली ही थट्टा बौद्ध ग्रंथांबरोबर तिथवर पोहोचली होती.

मात्र या वादात शिंतोच्या बाजूने बोलणारा कोणीच नाही, आणि माझ्या मते सगळ्या प्रश्नाची किल्ली तिथेच आहे. राजपुत्र शोतोकूच्या नावावर असलेल्या इ. स. ६०४च्या सतरा कलमी संविधानातही पहिले कलम कन्फ्यूशियसच्या वळणाने सलोख्याची थोरवी सांगते, दुसरे बौद्धांच्या त्रिरत्नांना वंदन करायला सांगते आणि ‘कामी’ म्हणजे स्थानिक देवता यांचा उल्लेख कुठेच येत नाही. कामींची उपासना, म्हणजेच शिंतो, ही शुद्धी, ऋतू आणि स्थळ यांच्याशी बांधलेली आचारपरंपरा होती. तिला सिद्धान्ताची गरज पडली ती इतरांशी सामना झाल्यावर.

तो सामना नेहमी गोडीगुलाबीचा नव्हता. इसे येथील शिंतो देवस्थानाच्या सेवेत बौद्ध शब्द उच्चारणे निषिद्ध होते, म्हणून मुंडन केलेल्या भिक्षूला ‘लांबकेस्या’ आणि बौद्ध मंदिराला ‘कौलारू’ म्हणत. मृत्यू हा शिंतोच्या दृष्टीने विटाळ, तर बौद्धांच्या दृष्टीने चिंतनाचा मुख्य विषय; त्यामुळे अंत्यविधी बौद्धांकडे गेले, ही श्रमविभागणी मतैक्यातून आलेली नाही.

ताओमताचे तर जपानमध्ये स्वतंत्र मठ किंवा पुरोहितवर्ग असे काही रुजलेच नाही. ते पंचांग, शकुन आणि लोकाचार यांतून झिरपले. दर साठाव्या दिवशी येणाऱ्या कोशिनच्या रात्री माणूस झोपला की शरीरातले तीन किडे स्वर्गात जाऊन त्याच्या चुगल्या करतात, या समजुतीने लोक जागरण करीत. त्याच रात्री बौद्ध शोमेन कोंगो या देवतेला पूजत, तर शिंतोचे उपासक सारुताहिको या कामीला.

पुढे उतरंडच उलटली. कामी ही बुद्धांचीच स्थानिक रूपे आहेत, हे मत मध्ययुगात रूढ होते. पंधराव्या शतकात योशिदा कानेतोमो या शिंतो पुरोहिताने शिंतो हे मूळ, कन्फ्यूशियसमत ही फांद्या-पाने आणि बौद्धमत ही फुले-फळे असे मांडले. अठराव्या शतकात मोतोओरी नोरिनागा या शिंतोच्या अभ्यासकाने ‘चिनी मन’, म्हणजे चिनी विचारांचा पगडा, धुऊन काढण्याची भाषा केली खरी, पण आपला मार्ग म्हणजे ताओमताच्या लाओत्सेचा निसर्गवाद नव्हे, हे त्याला मुद्दाम सांगावे लागले. अखेर १८६८मध्ये सरकारी हुकमाने देवस्थाने आणि बौद्ध मंदिरे वेगळी करण्यात आली, तेव्हा हाचिमान या देवाची हजार वर्षांहून जुनी ‘महाबोधिसत्त्व’ ही पदवीही काढून घेण्यात आली.