१,९०,००० किलोमीटर झालेल्या डिझेल गाडीचं इंजिन ट्यून करावं का?

तुमची गाडी टर्बो डिझेल, रनिंग १,९०,००० किलोमीटर, चढावर आता पूर्वीसारखी ओढत नाही, म्हणून ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) रीमॅप करायचा, म्हणजे त्यातला प्रोग्राम बदलून ताकद वाढवायचा विचार आहे आणि इंजिनाला ते झेपेल का, असं तुम्ही विचारलंय.

लगेच करू नका. तुमच्या प्रश्नातले ‘पूर्वीसारखी ओढत नाही’ हे शब्द मला महत्त्वाचे वाटतात. याचा अर्थ गाडीची असलेली ताकद कुठेतरी गळतेय. रीमॅपने ती गळती थांबत नाही. ईसीयूमधले आकडे वाढतात, डिझेल जास्त पडतं, टर्बोचा दाब वाढतो आणि मूळ दुखणं आहे तिथेच राहतं.

मी यातून गेलोय. माझ्या डिझेल गाडीला २,१०,००० झाले होते. तिसऱ्या गिअरमध्ये चढणाऱ्या चढाला दुसरा टाकावा लागायचा. वय झालं म्हणून मी धरून चाललो होतो आणि रीमॅपचा दिवसही ठरवला होता. त्याआधी ऑइल बदलायला गाडी गॅरेजला नेली. फिटरने इंटरकूलरच्या (टर्बोने दाबलेली हवा थंड करणारा भाग) होजवर, म्हणजे रबरी नळीवर, खालून हात फिरवला आणि बोटं मला दाखवली, काळी आणि तेलकट. वरून रबर धडधाकट दिसत होतं. त्याने होज वाकवला तेव्हा क्लिपच्या मागे बोटाच्या पेराएवढी चीर उघडली, सोडल्यावर पुन्हा मिटली. इंजिन नुसतं चालू असताना ती बंदच राहायची. टर्बोने हवा दाबली की उघडायची आणि दाब तिथून निघून जायचा. होज बदलला आणि त्याच संध्याकाळी गाडी तो चढ तिसऱ्यावर चढली. रीमॅप मी रद्द केलं.

तेव्हा तसंच रीमॅप केलं असतं तर काय झालं असतं, हा विचार मी नंतर बऱ्याचदा केला. ठरलेला दाब मिळत नाही म्हटल्यावर ईसीयू टर्बोला आणखी राबवतो. या छोट्या टर्बोचा शाफ्ट जोरात असताना मिनिटाला दीड लाखाच्या वर फेरे घेतो, तोही ऑइलच्या पातळ थरावर तरंगत. गळक्या होजवर नवं मॅप चढवलं असतं तर टर्बोच गेला असता.

म्हणून आधी गळती शोधा. एअर फिल्टर, डिझेल फिल्टर, होज, काजळीने अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा एक्झॉस्ट परत इंजिनात सोडणारा), मळलेला एअरफ्लो सेन्सर. हा सेन्सर हवा कमी दाखवायला लागला की धूर होऊ नये म्हणून ईसीयू डिझेलच कमी सोडतो आणि पिकअप मरतो. दहा-पंधरा किलोमीटर चालवून आल्यावर चारही चाकांजवळ हात नेऊन बघा (डिस्कला लावू नका, भाजेल). एखादं चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलं असेल तर तिथला ब्रेक धरून राहतोय आणि इंजिन बिचारं त्याच्याशी झगडतंय. मग स्कॅनर लावून, चढावर पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दाबून, ईसीयूने मागितलेला दाब आणि मिळालेला दाब यांची नोंद घ्यायला सांगा. दोन्ही आकडे बरोबरीने वर गेले तर हवेच्या बाजूला काही अडचण नाही.

एवढं करून बऱ्याच लोकांचं समाधान होतं. तुमचं झालं नाही आणि खरंच जास्त ताकद हवी असेल, तर पुढचा प्रश्न इंजिनाच्या तब्येतीचा. त्यात ओडोमीटरवर मी फार भरवसा ठेवत नाही. हायवेवर एका चालीत झालेले दोन लाख आणि रोज थंड इंजिनावर तीन-चार किलोमीटरच्या फेऱ्या मारून झालेले ऐंशी हजार, यात मी डोळे मिटून पहिली गाडी घेईन.

खरा आकडा कॉम्प्रेशनचा. डिझेलमध्ये ग्लो प्लगच्या नाहीतर इंजेक्टरच्या भोकातून गेज लावून प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजतात. किती हवा ते तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये असतं. पण मी आधी बघतो ते चारही सिलिंडर एकमेकांच्या किती जवळ आहेत. सगळे थोडे कमी पण सारखे असतील तर इंजिन एकसारखं झिजलंय, त्याचं एवढं भय नाही. तीन एका पातळीवर आणि चौथा १५ टक्क्यांनी खाली असेल, तर रीमॅपचा विषय तिथेच थांबवा. त्या सिलिंडरमध्ये बाहेरून दाबाची हवा सोडून ऐकायला सांगा. ऑइल टाकायच्या तोंडातून फुसफुस आली तर पिस्टनच्या रिंगा, सायलेन्सरकडून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कूलंटमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट.

एक तपासणी तुम्ही स्वतः करू शकता. इंजिन तापवा, आयडलवर ठेवा, ऑइलचं झाकण फिरवून सैल करा आणि उलटं करून तोंडावर नुसतं ठेवा. झाकण थोडं थरथरलं तर ठीक. उडून पडलं किंवा तोंडातून धुराचे भपकारे आले, तर जळलेली हवा रिंगांच्या बाजूने खाली येतेय. ऑइल किती खाते तेही लिहून ठेवा. हजार किलोमीटरला अर्ध्या लिटरच्या वर टाकावं लागत असेल तर मी त्या इंजिनावर जादा भार घालणार नाही. इंजेक्टरची रिटर्न टेस्टही करून घ्या. प्रत्येकाच्या रिटर्न पाइपला बाटली लावून काही मिनिटं इंजिन चालवतात. एका बाटलीत इतरांपेक्षा बरंच जास्त डिझेल जमलं तर तो इंजेक्टर थकलाय.

आता क्लच, ज्याचा विचार बहुतेक जण करत नाहीत. टर्बो गाडीत साध्या रीमॅपनेही टॉर्क (इंजिनाचा फिरवण्याचा जोर) २० ते ३० टक्के वाढवतात. नव्या क्लचमध्ये तेवढी सवड असते, दीड-दोन लाख चाललेल्यात ती उरत नाही. माझ्या मेहुण्याच्या गाडीचं इंजिन उत्तम होतं, कॉम्प्रेशन चारही सिलिंडरला सारखं. रीमॅपनंतर दुसऱ्याच आठवड्यात ओव्हरटेक करताना चौथ्या गिअरमध्ये आरपीएम एकदम वर गेला आणि गाडी होती तिथेच, समोरून ट्रक. ब्रेक मारून मागे आला म्हणून निभावलं. मी शेजारी बसलो होतो, त्यामुळे ही गोष्ट मी कुणालाही सांगितल्याशिवाय राहत नाही. रिकाम्या सपाट रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये १५०० आरपीएमवरून पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दाबून बघा. आरपीएम वेगाच्या पुढे पळाला तर आधी क्लच. ड्युअल मास फ्लायव्हील (क्लचमागचं, धक्के शोषणारं दुहेरी चाक) असेल तर तोही त्याच वेळी तपासा, गिअरबॉक्स दोनदा उतरवायला नको.

हे सगळं चांगलं निघालं तर जरूर करा. नीट सांभाळलेल्या इंजिनाला सौम्य रीमॅप झेपतं. फक्त करणाऱ्याला सांगा की २००० आरपीएमच्या खाली टॉर्क फार वाढवू नकोस, कारण कमी आरपीएमला जोराचा धक्का दिला की कनेक्टिंग रॉड आणि क्लच यांच्यावर सर्वांत जास्त ताण येतो. ईसीयूची मूळ फाइल जपून ठेवायला लावा. काळा धूर निघणारं मॅप घेऊ नका. तो धूर म्हणजे अर्धवट जळलेलं डिझेल, आणि तापमान वाढून टर्बोवर येतं. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) काढून टाकतो असं कुणी म्हणालं तर सरळ उठून या. विमा कंपनीला कळवायलाही विसरू नका. आणि टायमिंग बेल्टची मुदत संपत आली असेल तर बेल्ट आधी बदला, बाकी सगळं नंतर.

(पेट्रोल, तेही टर्बो नसलेलं इंजिन असतं तर मी एवढं लिहिलंच नसतं. तिथे रीमॅपने जेमतेम ५ ते १० टक्के मिळतात. प्लग, कॉइल आणि इंजेक्टरची सफाई यावर तेवढा खर्च केलेला बरा.)

होज आणि दाबाची नोंद या आठवड्यात उरकून घ्या. तरीही ओढत नसेल तर चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशनचे आकडे आणि इंजिनाचं मॉडेल इथेच खाली लिहा, मी बघून सांगतो.