कोथिंबीर फुलावर गेली? उपटू नका!

प्रश्न: कुंडीतल्या कोथिंबिरीला उंच दांडा निघून फुलं आली, आता हिरवे दाणे धरलेत. मागच्या वेळी असे दाणे लगेच प्लॅस्टिकच्या डब्यात भरले तर आठ दिवसांत बुरशी, सगळे फेकले. यावेळी काय करू? आणि खायचे नि पेरायचे दाणे एकच का?

उत्तर: अहो, उपटू नका, खरी मजा तर आत्ता सुरू झालीय! ऊन वाढलं, दिवस मोठा झाला की कोथिंबीर फुलावर जातेच, तुमचं काही चुकलं नाही. आधी थोडे हिरवे दाणे तोडून चाखा, पान आणि धणे दोन्हींचा स्वाद एकाच दाण्यात मिळतो, ठेचून सॅलडवर घाला, मला तर ते वाळलेल्या धण्यांपेक्षा जास्त आवडतात.

बाकीचे झाडावरच राहू द्या. सगळे एकदम पिकत नाहीत, म्हणून बहुतेक तपकिरी झाले की दव सुकल्यावर गुच्छ देठासकट कापा, कागदी पिशवीत उलटे घालून हवेशीर सावलीत टांगा, दाणे आपोआप खाली पडतात. तुमची बुरशी आली ती आत कोंडलेल्या ओलीमुळे. त्यामुळे दाणे चोळून वेगळे केले तरी आणखी आठवडाभर ताटात पसरून ठेवा, दाताखाली कटकन फुटला तर वाळला, चिवट लागला तर अजून ओला आहे, आणि बरणीत भरल्यावर दोन दिवसांनी काचेवर आतून बाष्प दिसलं तर परत बाहेर काढा.

दाणे एकच, पण पेरायचे आधीच बाजूला काढा, भाजलेला दाणा उगवत नाही. तेही सगळ्यात उशिरा फुललेल्या झाडाचे ठेवा, घाईने फुललेल्याचं बी ठेवलं तर पुढची रोपंही तशीच निघायची शक्यता जास्त. धण्याचा गोल दाणा म्हणजे खरं तर फळ, आत दोन बिया, म्हणून पेरताना लाटण्याने हलकेच रगडून दोन फाका करा. मात्र औषध लावलेलं विकतचं बियाणं चुकूनही स्वयंपाकात वापरू नका, आणि झाडावर कीटकनाशक मारलं असेल तर ते दाणेही खायला नकोत.

स्वयंपाकासाठी अख्खेच साठवा, कुटून ठेवले की वास उडतो. लागतील तेवढे कोरड्या तव्यावर मंद आचेवर हलवा, वास सुटला की लगेच ताटलीत काढा, तव्यातच राहिले तर करपून कडू होतात.

शेपू आणि बडीशेपलाही हीच पद्धत, फक्त त्यांचे दाणे हलके, तेव्हा पाखडताना पंखा बंद ठेवा.